तांबडा दिवा आणि धांवता रस्ता

(नभोवाणीवरील भाषण)



मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला ज्यांचें आयुष्य गेलें, अशा आम्हां नाशिककरांना दोन शब्द फार परिचयाचे आहेत. एक नाका आणि दुसरा फाटा. मुंबई नाका, आडगांव नाका, नांदूर नाका, पाथर्डी फाटा हीं नांवें आपण दररोज घेतों. परंतु त्यांतील भेद क्वचितच ध्यानांत आणतों. नाका म्हणजे जेथें जकातीसाठीं मालाच्या गाडीनें थांबावयाचें तें ठिकाण. तेथें रस्त्यावर आडवा बांबू असे आणि गाडीवान दुरूनच बैलांची कासरी ओढूं लागे. फाटा म्हणजे मुख्य रस्त्याला जेथें एखादी लहान वाट फुटते तें ठिकाण. तेथें थांबण्याचें बंधन कोणावरच नसे. ज्याला वळावयाचें तो वळे, बाकीचे सरळ जात. आतां जकात गेली, बांबू गेला, आणि फाट्यांचे मात्र चौक झाले. पूर्वीं जेथें थांबत तेथें आज कोणी थांबत नाहीं, आणि जेथें कोणी थांबत नसे तेथें तांबडा दिवा लावून लोकांना थांबविण्याची पाळी आली आहे. भरधांव वाहनांच्या रस्त्यावर असा दिवा लावला असतां तो माणसाचें रक्षण करतो काय, या प्रश्नाचा थोडा पूर्वेतिहास आज सांगण्याचें मीं योजिलें आहे.

हा प्रश्न मला पुस्तकांत सांपडलेला नाहीं. आमच्या वस्तीजवळ महामार्गावर एक फाटा आहे. रस्त्याच्या एका अंगाला घरें आणि दुसऱ्या अंगाला शाळा, अशी तेथील मांडणी. मी नोकरींत होतों तेव्हां रोज सकाळीं मुलांचा घोळका घेऊन तो रस्ता ओलांडीत असें. पुढें मी, मागें दुसरे एक गुरुजी, आणि मध्यें पाठीवर दप्तरें घेतलेलीं चाळीस-पन्नास मुलें. एके दिवशीं एका मुलाची चप्पल रस्त्याच्या मध्यावर राहिली व ती आणावयास तो मागें वळला. मीं त्याचा दंड धरून ओढला, आणि पुढच्याच क्षणीं त्या जागेवरून एक मालमोटार निघून गेली. मुलगा वांचला, चप्पल चिरडली. त्याच सायंकाळीं वस्तींतील लोकांनीं मिळून अर्ज केला, कीं या फाट्यावर सिग्नल बसवावा. अर्जाचा मसुदा माझा, आणि खालीं पहिली सहीहि माझी. कांहीं वर्षांनीं दिवे आले. आम्हीं पेढे वाटले.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यांत, त्याच दिव्याखालीं, तांबडा दिवा पाहून थांबलेल्या एका दुचाकीवर मागून मालमोटार आदळली. दुचाकीवरील नवराबायको दोघेंहि गेलीं. दिव्याची आज्ञा मोडणारा मरतो हें समजण्यासारखें आहे. पण येथें आज्ञा पाळणारा मेला. हें मला कांहीं केल्या उलगडेना. अर्ज मीं लिहिला होता. तेव्हांपासून हा दिवा कोठून आला, कोणी आणला, आणि येतांना बरोबर काय आणावयाचें विसरला, याचा मी शोध घेऊं लागलों.

या दिव्याचें मूळ घराणें रेल्वेचें आहे. लंडन शहरांत पार्लमेंटच्या इमारतीजवळील चौकांत १० डिसेंबर १८६८ रोजीं रस्त्यावरील पहिला सिग्नल उभा राहिला. तो सुचविणारे जॉन पीक नाइट हे रेल्वेवरील गृहस्थ होते, आणि त्यांनीं रेल्वेचाच खांब उचलून रस्त्यावर रोंवला असें म्हणण्यास हरकत नाहीं. दिवसां वरखालीं होणारे हात, आणि रात्रीं गॅसवर जळणारे तांबडे व हिरवे दिवे. खालीं उभा असलेला पोलीस शिपाई दांडा फिरवून तें यंत्र चालवी. त्या वेळीं रस्त्यावर मोटार नव्हती. होत्या त्या घोड्यांच्या गाड्या. हा प्रयोग फार दिवस टिकला नाहीं. २ जानेवारी १८६९ रोजीं गॅसचा स्फोट झाला, दिव्याजवळचा शिपाई भाजला, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ लंडनच्या रस्त्यांनीं सिग्नलाचें नांव काढलें नाहीं.

योगायोग असा, कीं त्याच जानेवारी महिन्यांत आपल्या सह्याद्रींत रेल्वेला एक कठोर धडा मिळाला. २६ जानेवारी १८६९ रोजीं बोरघाट उतरणारी मेल गाडी आवरली न जाऊन रिव्हर्सिंग स्टेशनापाशीं कोसळली. रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे घाटाच्या पोटांतील अशी जागा, कीं जेथें गाडी पुढें जाऊन थांबे आणि मग उलट दिशेनें उरलेली उतरण उतरे. अशीच व्यवस्था आमच्या थळघाटांतहि होती, आणि त्या घाटानें आगगाडी १ जानेवारी १८६५ रोजीं इगतपुरीस पोंचली. आतां या मेल गाडीच्या चालकाला पुढें थांबावयाचें आहे हें ठाऊक नव्हतें काय? पुरतें ठाऊक होतें. परंतु ठाऊक असणें निराळें आणि थांबतां येणें निराळें.

रेल्वेवाल्यांनीं हा भेद फार लवकर ओळखला, आणि हेंच त्यांचें खरें शहाणपण. आपण आगगाडीनें मुंबईस जातांना गाडी मध्येंच उभी राहिली म्हणजे डब्यांतील कोणीतरी जाणता माणूस म्हणतो, "गाडी आउटरला उभी आहे." स्टेशनाशीं असतो तो होम सिग्नल, आणि त्याच्या अलीकडे, कित्येक ठिकाणीं एक किलोमीटर किंवा अधिक अंतरावर, डिस्टंट नांवाचा सिग्नल असतो. हा डिस्टंट कोणाला थांबवीत नाहीं. पुढें तांबडा आहे किंवा नाहीं, एवढेंच तो सांगतो. म्हणजे थांबण्याची आज्ञा देणारा निराळा आणि तिची आगाऊ वर्दी देणारा निराळा, अशी दोन माणसें रेल्वेनें नेमलीं. आणि वर्दी देणाऱ्याला इतक्या दूर उभें केलें, कीं त्याला पाहिल्यावर अवजड गाडीसहि सावकाश थांबतां यावें.

याहूनहि पुढची गोष्ट घाटांत पाहावयास मिळते. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारी गाडी कॅच सायडिंगपाशीं थांबते. तेथील सांधे नेहमीं आडबाजूच्या चढत्या रुळाकडे वळविलेले असतात. गाडी ताब्यांत आहे हें तिनें थांबून सिद्ध केलें म्हणजेच तिला खालची वाट मोकळी होते. एखादी गाडी आवरली गेली नाहीं तर ती आपोआप त्या चढावर चढते व तिचा वेग मरतो. चालकाकडून चूक होईल, ब्रेक फसेल, हें येथें आधींच धरून चाललेलें आहे. आणि सिग्नल बिघडला तर? रेल्वेच्या रीतीनें बिघडलेला सिग्नल हा तांबडाच समजावयाचा. इंग्लंडांत ॲबट्स रिप्टन येथें २१ जानेवारी १८७६ रोजीं बर्फानें सिग्नलाचे हात 'वाट मोकळी' अशा स्थितींत गोठले व मोठा अपघात झाला. त्यानंतर हाताची नेहमींची स्थिति 'थांबा' हीच असावी असें ठरलें. आमच्या चौकांत वीज गेली म्हणजे काय होतें तें आपण पाहतोंच. दिवा विझला कीं चारी बाजूंच्या वाहनांना एकदमच वाट मोकळी झाल्यासारखें वाटतें.

आतां रस्त्याकडे वळूं. विजेचे तांबडे-हिरवे दिवे अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत ५ ऑगस्ट १९१४ रोजीं लागले. (हिंदुस्थानांत मोटारींविषयींचा पहिला अखिल देशाचा कायदा झाला तोहि १९१४ सालींच.) त्या दिव्यांत पिवळा नव्हता, रंग बदलण्यापूर्वीं एक घंटी गुणगुणत असे. पुढें १९२० मध्यें डेट्रॉइट येथील विल्यम पॉट्स नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें तिसरा, पिवळा दिवा बसविला. घंटीच्या जागीं पिवळा आला, आणि लोकांना वाटलें कीं रेल्वेची वर्दी आतां रस्त्यावरहि आली.

परंतु ती आली नाहीं. माझ्या मतें सर्व घोंटाळ्याचें मूळ येथें आहे. रेल्वेचा डिस्टंट चालकाला अंतर देतो. रस्त्यावरचा पिवळा दिवा त्याला फक्त वेळ देतो. वाहन हळू असेल तेव्हां या दोहोंत विशेष फरक पडत नाहीं. नाशिकरोडहून नाशिकांत येणारी घोड्यांची ट्राम, टांगा किंवा सायकल यांना तीन सेकंद पुष्कळ झाले. पण वेग वाढला म्हणजे तेच तीन सेकंद अपुरे पडूं लागतात. हें नुसत्या शब्दांनीं पटणार नाहीं. म्हणून जुन्या संवयीनें मी आपणांस एक गणित घालतों.

आपल्या देशांतील रस्त्यांचे नियम ठरविणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ सालीं स्थापन झाली. कोणत्या वेगाला थांबण्यासाठीं किती अंतर धरावें, याचे तिचे आंकडे आहेत. तासाला ३० किलोमीटर वेग असेल तर ३० मीटर. ५० ला ६० मीटर. ८० ला १२० मीटर. आणि १०० ला १८० मीटर. यांत चालकानें पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतचा अडीच सेकंदांचा काळ धरलेला आहे. आतां पिवळा दिवा तीन सेकंद राहतो असें समजूं. त्या अवधींत ३० च्या वेगाचें वाहन २५ मीटर जातें. म्हणजे दिव्यापासून २५ मीटरांच्या आंत असलेला चालक तांबडा होण्यापूर्वीं चौकांत शिरूं शकतो, आणि ३० मीटरांच्या बाहेर असलेला सुखानें थांबूं शकतो. मधला पट्टा केवळ ५ मीटरांचा. आतां ८० चा वेग घ्या. तीन सेकंदांत वाहन सुमारें ६७ मीटर जाईल, पण थांबावयास १२० मीटर पाहिजेत. मधल्या ५३ मीटरांत जो सांपडला, त्यानें काय करावें? पुढें जावें तर तांबड्यावर चौकांत शिरतो. थांबावें तर चाकें रस्त्याला घासून दिव्याच्याहि पुढें जातो. १०० च्या वेगाला हा पट्टा ९७ मीटरांचा होतो. हे आंकडे सावधपणें काढलेले आहेत, कोरड्या रस्त्यावर हलकी मोटार याहून लवकर थांबेल, हें मान्य. परंतु ओल्या रस्त्यावर भरलेल्या मालमोटारीची गोष्ट निराळी. शिवाय पिवळा एक-दोन सेकंदांनीं लांबविला तरी पट्टा आंखूड होतो, नाहींसा होत नाहीं. आणि लोकांना लांब पिवळ्याची संवय लागली कीं ते त्यालाच हिरवा समजूं लागतात.

हा पेंच शास्त्रीय रीतीनें मांडण्याचें काम अमेरिकेंत गॅझिस, हर्मन व मॅराड्युडिन या तिघांनीं १९६० मध्यें केलें. नियमानें वागूं इच्छिणाऱ्या चालकालाहि नियम पाळणें अशक्य व्हावें, असा दिवा आपण लावूं शकतों, हें त्यांनीं समीकरणांनीं दाखविलें. दिवा लागून अर्धें शतक होत आलें तेव्हां हें सिद्ध झालें. तोंपर्यंत अपघात झाला कीं दोष चालकाचा, एवढेंच उत्तर होतें.

माझा एक जुना विद्यार्थी मालमोटार चालवितो. पिंपळगांव बसवंताहून कांदा घेऊन तो मुंबईस जातो. दुचाकीच्या त्या अपघातानंतर तो भेटला असतां मीं त्याला जरा रागानेंच विचारलें, "अरे, एवढा मोठा दिवा तुम्हां लोकांना दिसत नाहीं कां?"

तो म्हणाला, "गुरुजी, दिसतो कीं. अर्ध्या कोसावरून दिसतो. पण हिरवा दिसतो, हीच पंचाईत आहे. तो केव्हांपासून हिरवा आहे हें मला कोण सांगणार? हिरवा जितका जुना, तितकी मला भीति जास्त. आणि मीं एकदम ब्रेक मारला तर माझ्या मागची गाडी थांबेल काय?"

शाळेंत या मुलाला त्रैराशिक कधीं जमलें नाहीं. पण वरील सगळें गणित त्यानें दोन वाक्यांत सांगितलें. मागच्या गाडीविषयींची त्याची शंकाहि खरी आहे. सिग्नल बसविल्यानें आडव्या टकरी कमी होतात, पण मागून बसणाऱ्या धडका वाढतात, असा निरनिराळ्या देशांचा अनुभव आहे. कांहीं चौकांत हल्लीं उरलेले सेकंद आंकड्यांनीं दाखवितात. त्यांचा उपयोग जवळ आलेल्यालाच होतो, आणि पुष्कळदां तो वेग वाढविण्याकडेच होतो.

इंग्लंडांत या बाबतींत एक रेघ आंखलेली आढळते. जेथें वाहनें तासाला ३५ मैल, म्हणजे सुमारें ५६ किलोमीटर, किंवा अधिक वेगानें येतात, तो रस्ता सिग्नलाच्या दृष्टीनें अतिवेगाचा समजावा. तेथें जमिनींत यंत्रें पुरून मधल्या पट्ट्यांत वाहन आहे किंवा नाहीं हें पाहावें, आणि असेल तर हिरवा क्षणभर लांबवावा. आणि वेग ६५ मैलांच्याहि वर असेल तर सिग्नल बसवूंच नये. आपल्याकडे २०१८ मध्यें दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर मोटारींची कमाल मर्यादा १०० किलोमीटर ठरली; आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तांबडा दिवा ओलांडणें हें धोक्याचें वाहन चालविणें म्हणून शिक्षेस पात्र झालें. शिक्षा असावी, याविषयीं माझें दुमत नाहीं. पण पंचवीस टन माल दंडाच्या भीतीनें थांबत नाहीं.

आमच्या नाशिकचा दोष म्हणाल तर तो वाढीचा आहे. महामार्ग गांवाच्या कडेनें जात होता. सातपूरची औद्योगिक वसाहत झाली, मग अंबडची झाली, सिडकोनें नवें नाशिक वसविलें, १९८२ मध्यें महानगरपालिका झाली, आणि शहर रस्त्याच्या दोहों अंगांना पसरलें. रस्ता होता तेथेंच राहिला. गांव त्याच्यावर चालून आलें. घर एकीकडे, कारखाना दुसरीकडे, दवाखाना एकीकडे, शाळा दुसरीकडे. ज्या रस्त्याला दूरच्या प्रवासाचें काम दिलें होतें, त्यालाच गल्लीचेंहि काम करावें लागलें. आणि एकाच रस्त्यानें हीं दोन्ही कामें केलीं कीं रक्त सांडतें. इंदिरानगर, मुंबई नाका, द्वारका यांच्या डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल २०१३ मध्यें खुला झाला. दूरचीं वाहनें वर गेलीं, खालचा दिवा खालच्यांपुरता राहिला. हा उपाय रेल्वेच्या जातीचा आहे, कारण त्यानें दोन प्रवाह वेगळे केले. तरीहि जानेवारी २०२५ मध्यें त्याच पुलावर द्वारकेजवळ लोखंडी सळया घेऊन जाणाऱ्या मालमोटारीवर मागून टेंपो आदळून कित्येक तरुण दगावले. तेथें दिवा नव्हता, चौकहि नव्हता. होता तो वेग, आणि अंधारांत मागें लोंबणाऱ्या सळया.

आणि जेथें पूल नाहीं तेथें? ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर, नांदूर नाक्याजवळ, ज्याला लोक मिरची हॉटेलाचा चौक म्हणतात तेथें यवतमाळहून येणारी खासगी बस आणि मालमोटार यांची टक्कर होऊन बसला आग लागली, व १२ माणसें गेलीं. तो दिवस नाशिककर विसरले नाहींत. त्यानंतर प्रत्येक फाट्यावरून एकच मागणी ऐकूं येऊं लागली: दिवा लावा. त्या मागणींतील कळकळ मला समजते. मींहि ती केली होती. पण पहाटे पांच वाजतां बहुतेक चौकांतील दिवे नुसते पिवळे लुकलुकत असतात, हें मागणाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या वेळीं रस्ता मोकळा, चालक पेंगुळलेला आणि वेग सर्वांत जास्त, नेमका त्याच वेळीं दिवा आपला अधिकार सोडून देतो.

आतां तर समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून जातो. त्याचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. ७०१ किलोमीटरांत एकहि चौक नाहीं, म्हणून एकहि तांबडा दिवा नाहीं. हें योग्यच आहे. परंतु तासन् तास १२० च्या वेगानें आलेला चालक जेव्हां तेथून साध्या रस्त्यावर उतरतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांना ८० चा वेगहि चालल्यासारखा वाटतो. जो दिवा त्याला पहिल्यांदा भेटेल त्याखालीं कोण उभें असेल, याची मला काळजी वाटते.

गेल्या महिन्यांत मीं दुसरा अर्ज लिहिला. दिवा काढा, असें त्यांत म्हटलेलें नाहीं. तो काढला तर मुलांनीं पुन्हां हात धरून धांवावयाचें काय? माझें म्हणणें एवढेंच, कीं दिव्याला त्याचा डिस्टंट द्या. तांबडा होणार असला म्हणजे दूरवर एक पिवळा लुकलुकूं लागावा, आणि तो खालच्या दिव्याशीं तारेनें जोडलेला असावा. त्याच्या आधींपासून रस्त्यावर आडव्या उंचवट्यांच्या पट्ट्या असाव्यात, म्हणजे पेंगुळलेल्याला चाकांखालीं खडखडाट ऐकूं येईल. वेगाची मर्यादा एकदम न उतरवितां पायरीपायरीनें उतरवावी. एका बाजूचा तांबडा झाल्यावर दुसऱ्या बाजूचा हिरवा लागण्यापूर्वीं दोन-तीन सेकंद चोहोंकडे तांबडाच असावा, म्हणजे मधल्या पट्ट्यांत सांपडलेला निसटून जाईल. रात्रींहि दिव्यानें आपलें काम सोडूं नये. आणि शाळेच्या मुलांसाठीं रस्त्याखालून वाट करावी. पण ती उजेडाची, कोरडी आणि सरळ असावी, नाहीं तर मुलें वरूनच धांवतील.

हा डिस्टंट कोठें लावावा, याचा शोध घेण्यास मी एका रविवारीं सकाळीं त्या फाट्यावर गेलों. दिव्याच्या खांबापासून मुंबईच्या बाजूस १८० मीटर मीं कडेकडेनें पावलांनीं मोजले. माझीं पावलें आतां आंखूड झालीं आहेत, म्हणून पुन्हां येतांना दोरीनें ताडून पाहिले. तेथें रस्त्याला किंचित् वळण आहे आणि एक जुनी बाभूळ आहे. बाभळीच्या अलीकडून दिवा दिसतो, पलीकडून दिसत नाहीं. अर्जांत मीं त्या बाभळीचा उल्लेख केला आहे, आणि ती तोडूं नये, असेंहि लिहिलें आहे.